शेवटच्या भागात शेवटच नव्हता: वाहिनीला पुण्याहून तक्रार पत्र

प्रति,
मा. कार्यक्रम प्रमुख आणि तक्रार निवारण अधिकारी,
मुंबई कार्यालय

पुणे ३०

विषय: रात्री साडेआठच्या मालिकेचा रविवारी दाखवलेला 'महाअंतिम भाग' आणि पुढील पर्वातील कलाकार बदल

स.न.वि.वि.

हे पत्र सदाशिव पेठ, सहकारनगर आणि कोथरूड या भागांतील प्रेक्षक मिळून लिहीत आहोत. त्याची प्रत इतरांनाही जाणार असल्याने मालिकेचे आणि कलाकारांचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही. कलाकारांविरुद्ध आमची तक्रार नाही, उगाच त्यांना कोणी बोल लावू नये. मालिका कोणती हे आपणांस कळेलच.

आठवडाभर प्रोमोत सांगितले गेले की प्रवास संपतो आहे आणि सगळ्या प्रश्नांची उत्तरे रविवारी सात ते नऊ या वेळात मिळतील. नऊला दोन मिनिटे उरली असताना पडद्यावर 'सात वर्षांनंतर' अशी अक्षरे आली, तीन नवे चेहरे दिसले आणि सोमवारपासून रात्री दहा वाजता नवे पर्व असल्याचे जाहीर झाले. मालिका संपवणे हा आपला अधिकार आहे आणि चालू ठेवणे हाही. पण शेवट म्हणून जाहीर केलेल्या भागात शेवट असावा, एवढीच अपेक्षा होती.

हा भाग असा का झाला, हे शेवटचा पंधरवडा नीट पाहिला की कळते. कोणता प्रश्न सोडवायचा आणि कोणता लोंबकळत ठेवायचा, हे कथेने ठरवलेले नाही. ते कलाकारांच्या चित्रीकरणासाठी मोकळ्या असलेल्या तारखांनी ठरवले आहे. धाकटा दीर शेवटचे अकरा भाग फक्त फोनवर बोलतो. पहिल्या चार फोनांत निदान त्याचा जुना शॉट तरी आहे, नंतर आवाजही बदललेला आहे. अंगणातल्या प्रसंगात तो पाठमोरा दिसतो, तेव्हा खांदे दुसऱ्याच कोणाचे आहेत. थोरल्या सुनेचे तर याहून सोपे गणित आहे. कथेत मंगळवारचा शुक्रवार होतो, पण तिची मोरपिशी साडी, अंबाड्यातला गजरा आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून येणारा उजेड एकाच दुपारचा राहतो. म्हणजे उरलेल्या एका तारखेत तिचे सगळे प्रसंग उरकले आणि ते चार भागांत वाटले. समोरच्या माणसाच्या डोळ्यांत ती एकदाही बघत नाही, कारण समोर माणूस नव्हताच. दोघांचे क्लोजअप वेगवेगळ्या दिवशी घेऊन संकलनात जोडले आहेत. दैनंदिन मालिकेत अशी वेळ येते, हे आम्ही समजू शकतो. पण ज्या नवरा-बायकोच्या समोरासमोर येण्यावर दोन वर्षे कथा उभी होती, त्यांची अखेरची भेट अशी जोडकामाने करायची?

आता मृत्युपत्राचा प्रश्न. सुरुवातीच्या काही महिन्यांत आजोबांनी मृत्युपत्र नोंदवल्याचा प्रसंग आपणच दाखवला होता. दुय्यम निबंधक कार्यालयाची पायरी, दोन साक्षीदार, अंगठ्याचा ठसा, सगळे व्यवस्थित होते. तो भाग लिहिणाऱ्याला विषय माहीत होता, हे कौतुकाने नमूद करतो. रविवारी मोठ्या काकांनी तेच मृत्युपत्र गॅसच्या शेगडीवर जाळले आणि वाडा त्यांचा झाला! नोंदणी झालेल्या मृत्युपत्राची प्रत कार्यालयाच्या दप्तरात राहते. मृत्युपत्र करणारा हयात नसेल, तर अर्ज करून आणि शुल्क भरून तिची नक्कल मिळते. पुण्यात वाड्यांचे वाद ज्यांच्या घरात झाले आहेत, अशा घरांत 'हवेली नंबर अमुक' हे दुय्यम निबंधक कार्यालयाचे नाव शेंडेफळालाही पाठ असते. तेव्हा काकांनी जाळला तो एक कागद. वकील असलेल्या पात्राने एका वाक्यात हे सांगितले असते, तर मृत्युपत्राचा धागा त्याच रात्री सुटला असता. तो सोडवला नाही, कारण काकांचे काम करणारे नट पुढच्या पर्वात आहेत आणि वाडाही आहे.

घटस्फोटाचेही तसेच. शनिवारी अर्ज, रविवारी निकाल. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब नुसार परस्पर संमतीच्या अर्जाआधी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते आणि अर्जानंतर आणखी सहा महिने थांबावे लागते. हे सहा महिने माफ करता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले, पण त्यासाठी वेगळा अर्ज लागतो आणि न्यायालयाची खात्री पटावी लागते. आपल्या मालिकेतले जोडपे दिवाळीच्या भागापर्यंत एकाच खोलीत राहत होते. शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयाबाहेर इमारत दिसेल असा शॉट घ्यायला वेळ मिळाला, तर आत बसलेल्या कोणत्याही वकिलाला पाच मिनिटे विचारायलाही मिळाला असता.

कलाकार बदलाला आमचा विरोध नाही, हे स्पष्ट लिहितो. 'माझ्या नवऱ्याची बायको' या मालिकेत शनायाची भूमिका रसिका सुनील यांच्यानंतर ईशा केसकर यांनी केली, पुढे रसिका सुनील परत आल्या, आणि मालिका २०२१ पर्यंत चालली. प्रेक्षक चेहरा बदललेला पचवतात. लपवाछपवी पचत नाही. नाटकात ही रीत केव्हाची रुळलेली आहे. बालगंधर्वला किंवा भरत नाट्य मंदिरात एखादा नट येऊ शकत नसेल, तर तिसऱ्या घंटेच्या आसपास घोषणा होते की आजच्या प्रयोगात अमुक भूमिका तमुक करतील. दहा सेकंदांचे काम असते. प्रेक्षक टाळ्या वाजवतात आणि पडदा वर जातो. तशी एक पाटी भागाच्या सुरुवातीला सलग आठवडाभर दाखवायला काय हरकत आहे? त्याऐवजी आपण प्रोमोत थोरल्या सुनेचा अपघात, चेहऱ्यावरच्या पट्ट्या आणि रुग्णालयाचा आरसा दाखवला आहे. पट्ट्या सुटल्यावर काय निघणार, हे आता शाळकरी पोरांनाही ठाऊक असते.

हा प्रोमो अजून चित्रित झालेल्या भागांशी बांधलेला नसेल, तर पुढील गोष्टी जरूर पाहाव्यात. नव्या अभिनेत्रीचा पहिला प्रसंग रोजच्या घरकामाचा ठेवावा, चहा टाकणे किंवा तांदूळ निवडणे यांसारखा, आणि समोर सासूबाईंचे पात्र असावे. त्या घरात सर्वांत जुन्या आहेत. त्यांनी नव्या सुनेला जुन्याच सहजपणे हाक मारली की प्रेक्षकही मारतात. असे दोघींचेच प्रसंग पहिल्या चार-पाच भागांत रोज एक तरी हवेत. मूळ अभिनेत्रीच्या दोन लकबी होत्या: चिडली की पदर खोचणे आणि खोटे बोलताना मंगळसूत्र चाचपणे. त्या लकबी नव्या अभिनेत्रीला द्याव्यात, पण तिच्या आवाजाची नक्कल करू देऊ नये. नक्कल सुरू झाली की तुलना सुरू होते. केशभूषा आणि साड्यांची धाटणी त्याच आठवड्यात बदलू नये. चेहरा, केस आणि कपडे एकदम बदलले तर ते पात्र दुसरेच होते. शीर्षकगीतातली जुनी दृश्ये पहिल्या दिवसापासून काढावीत आणि जुन्या चेहऱ्याचे फ्लॅशबॅक दाखवूच नयेत. फारच गरज पडली तर तो प्रसंग नव्या अभिनेत्रीसह पुन्हा चित्रित करावा. भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोचे विसरू नका, तो पूर्ण खोली दाखवणाऱ्या प्रत्येक मास्टर शॉटमध्ये मागे दिसतो.

लीपचा, म्हणजे कथेने घेतलेल्या सात वर्षांच्या उडीचा, हिशेबही एकदा कोणीतरी करावा. जूनच्या भागांत नातीचा पहिलीचा पहिला दिवस होता. सात वर्षांनी ती आठवीत असेल. प्रोमोत ती कॉलेजच्या कट्ट्यावर दुचाकी लावते आहे. आजींचे केस मात्र तितकेच काळे आहेत आणि दिवाणखान्यातला दूरध्वनी, पडदे, कॅलेंडर सगळे जागच्या जागी. लीप घेतल्याचा खर्च फक्त एका नव्या मुलीवर करून भागत नाही.

जाहिरातींचा मुद्दा वेगळा आहे आणि तो नियमाचा आहे. दोन तासांचा भाग आम्ही घड्याळ लावून पाहिला. जाहिराती ३७ मिनिटे, वाहिनीच्या इतर कार्यक्रमांचे प्रोमो ६ मिनिटे, जुन्या भागांतली दृश्ये २१ मिनिटे. नवे असे ५६ मिनिटे, त्यातही संथगतीत चालणे आणि वळून बघणे किती, ते मोजायचे आम्ही सोडून दिले. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधील नियम ७ (११) प्रमाणे तासाला जास्तीत जास्त १० मिनिटे जाहिराती आणि २ मिनिटे स्वतःचे प्रोमो दाखवता येतात. दोन तासांना २४ मिनिटे होतात. आपण ४३ घेतलीत.

कथेबद्दलची नाराजी या नियमांत बसत नाही, हे आम्हांला माहीत आहे. प्रोमोत दिसले ते प्रत्यक्षात मिळाले नाही म्हणून दाद मागण्याचा रस्ताही अरुंद आहे. जाहिरातीतले गाणे चित्रपटात नव्हते म्हणून एका प्रेक्षक महिलेने केलेल्या तक्रारीत, प्रोमो म्हणजे वचन नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये म्हटले आहे. म्हणून त्या मुद्द्यावर आम्ही आपणांस कायदा दाखवत नाही, फक्त लाज असावी असे सुचवतो. जाहिरातींच्या मुद्द्यावर मात्र २०२१ च्या सुधारित नियमांनुसार २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय अपेक्षित आहे. तो न आल्यास प्रकरण स्वनियमन संस्थेकडे नेऊ.

याखेरीज मागण्या मोजक्या आहेत. मृत्युपत्र, धाकट्या दिराचे गायब होणे आणि घटस्फोट हे तीन धागे नव्या पर्वाच्या पहिल्या आठवड्यात सोडवावेत, सात वर्षांच्या अक्षरांखाली गाडू नयेत. जुने कलाकार येऊ शकत नसतील तर पत्र, वकिलाची नोटीस, शेजारणीचे बोलणे यांतून ते काम होते, चांगल्या लेखकाला एवढे पुरते. थोरल्या सुनेच्या अभिनेत्रीला पडद्यावर नीट निरोप द्यावा, जुन्या शॉट्सची फीत नको, तिचे नाव असलेली पाटी पुरे. आणि दहाची वेळ कायम आहे की गुरुवारी बार्क या संस्थेचे प्रेक्षकसंख्येचे आकडे आल्यावर पुन्हा हलणार, ते आताच सांगावे. वाहिनीचे महिन्याचे पैसे भरताना लोक वेळही बघतात. साडेनऊला झोपणाऱ्या घरांची संख्या आमच्या पेठेत कमी नाही.

कळावे,
आपले प्रेक्षक

ता. क. शेवटच्या प्रसंगात नायिका पुणे स्टेशनवर कोकणकन्या एक्सप्रेस पकडते आणि तशी उद्घोषणाही ऐकू येते. ही गाडी मुंबईहून मडगावला जाते, पुण्याला येत नाही. नव्या पर्वात नायिकेला कोकणातून परत आणणार असाल, तर तिला स्वारगेटला एसटीतून उतरवावे.