कसली स्क्रीन, तेही सांगा की!

संपादक महोदय,

'अनोळखी माणसाला स्क्रीन शेअर करू नका' हा इशारा पेपरात सारखा येतो आणि तो बरोबरच आहे, रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच एनीडेस्कवरून (दुसऱ्याची स्क्रीन दुरून बघू आणि चालवू देणारं ॲप) होणाऱ्या यूपीआय फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं होतं. पण आमच्यासारख्या लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्यांची यात पंचाईत होते. पलीकडचा माणूस फोनवर सांगतो, 'काहीतरी परमिशन डिनाइड म्हणतंय', आणि त्याच्या वरची खरी कामाची ओळ वाचतच नाही. (वाचली तरी स्पेलिंग सांगता सांगता अर्धा तास.) तेव्हा त्याचा टर्मिनल, म्हणजे कमांड टाईप करायची ती नुसत्या अक्षरांची खिडकी, बघितल्याशिवाय इलाज नसतो, पण स्क्रीनचं नाव काढलं की आता लोक दचकतात.

मोबाईलची स्क्रीन शेअर केली की वरून टपकणारा ओटीपीसुद्धा समोरच्याला दिसू शकतो, म्हणजे नुसतं बघू देणंही महागात पडतं. टर्मिनलचं तसं नाही. टर्मिनल वाटून घ्यायला जीएनयू स्क्रीन हा प्रोग्राम १९८७ पासून आहे, टीमक्स हा तसाच दुसरा २००७ पासून, दोन्हीत एकाच सेशनला दोघं जोडले जातात आणि एकाने टाईप केलेलं दुसऱ्याला लगेच दिसतं. तिथे जातात ती फक्त अक्षरं, म्हणून गावाकडच्या रडक्या नेटवरही चालतं, शिवाय सुडोचा (ॲडमिनच्या अधिकाराने कमांड चालवायची सोय) पासवर्ड टाईप करताना स्क्रीनवर त्याची अक्षरं उमटतच नाहीत त्यामुळे बघणाऱ्याला तो कळत नाही. अर्थात पासवर्ड लिहिलेली कॉन्फिग (सेटिंगची) फाईल उघडलीत तर मात्र ती दिसणारच, तेवढं भान हवं.

आणि टीमेट (इंटरनेटवरून टर्मिनल शेअर करायचा प्रोग्राम) वापरलं तर दोन प्रकारच्या लिंक मिळतात, एक टाईप करू देणारी, दुसरी फक्त बघायची. मदत मागणाऱ्याने दुसरीच द्यावी, कमांड मी फोनवर सांगेन, टाईप त्याने करावी, नको वाटलं की बंद करावं. सेशन टीमेटच्या सर्व्हरमधून जातं हे ज्यांना खटकतं त्यांना स्वतःचा सर्व्हरही लावता येतो. पण होतं काय, सपोर्टवालेच आळसाने पहिली लिंक मागतात, 'द्या इकडे, मी करतो पटकन', आणि मग त्याने नेमकं काय केलं ते कुणालाच कळत नाही. याचा मला जास्त राग आहे.

तेव्हा पुढच्या वेळी १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाईन नंबर छापाल तेव्हा खाली एवढंही छापा, की स्क्रीन मागणाऱ्याला आधी विचारा, नुसतं बघणार की हात लावणार, आणि बघणार तर नेमकं काय.

– एक सिस्टीम ॲडमिन, नाशिक