धूरफवारणीऐवजी कोरडा दिवस : सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव व व्यवस्थापक समितीचे सर्व सभासद,
आपली सहकारी गृहरचना संस्था, कोथरूड, पुणे

विषय : धूरफवारणीच्या कंत्राटाचा फेरविचार, आठवड्याचा कोरडा दिवस (साचलेलं पाणी ओतून भांडी वाळवण्याचा) आणि पालापाचोळ्याचं खत

महोदय,
स.न.वि.वि.

येत्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका नोटीस बोर्डावर वाचली. डासांसाठीच्या धूरफवारणीच्या कंत्राटाला आणखी एका वर्षाची मुदतवाढ द्यायचा विषय त्यात आहे. ती देऊ नये, आणि त्याच पैशांतून काय करता येईल याचा सभेत विचार व्हावा, यासाठी हे पत्र लिहीत आहे. जरा मोठं झालं आहे, पण पावसाळा तोंडावर आहे. आत्ता ठरलं नाही तर पुन्हा दिवाळीनंतरच बोलणं होईल.

गेल्या पावसाळ्यात तिन्ही विंगमध्ये डेंग्यूचे पेशंट होते, आणि तेव्हाही फवारणी नियमित चालू होती. संध्याकाळी मशीन यायचं, पार्किंग पांढऱ्या धुराने भरायचं, मुलं त्या धुरामागे पळायची आणि आपण खिडक्या लावून घ्यायचो. हा धूर म्हणजे डिझेलसारख्या तेलात मिसळलेलं कीटकनाशक असतं. ज्या डासाच्या अंगाला ते प्रत्यक्ष लागेल तेवढाच मरतो. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती मात्र बहुतेक वेळ घरात, पडद्यामागे, पलंगाखाली, कपाटाच्या कोपऱ्यात बसलेला असतो. खिडक्या बंद करून धूर बाहेर ठेवला की तोही आत सुखरूप राहतो. पाण्यातल्या अळीला आणि अंड्याला तर या धुराने काहीच होत नाही. आज उडणारे थोडे डास मेले तरी आठवड्याभरात नवे तयार असतात. डेंग्यूचा पेशंट सापडल्यावर महापालिकेचा आरोग्य विभाग तातडीचा उपाय म्हणून फवारणी करतो, त्याला माझा विरोध नाही. माझा आक्षेप आहे तो वर्षभराच्या कंत्राटाला, कारण त्याच्या भरवशावर आपण बाकी काहीच करत नाही.

एडिस गटारात वाढत नाही, त्याला साचलेलं स्वच्छ पाणी लागतं. उबदार हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. शिवाय तो फार लांब जात नाही, बहुधा जन्मलेल्या जागेपासून शे-दोनशे मीटरच्या आतच राहतो. म्हणजे आपल्याला चावणारा डास बहुतेक वेळा आपल्याच आवारात जन्मलेला असतो. शेजारच्या प्लॉटवरच्या बांधकामाकडे बोट दाखवण्याआधी आपण आपली गच्ची बघायला हवी.

मी बघितली आहे. सी विंगच्या गच्चीवर सोलरच्या स्टँडखाली एक जुनी प्लास्टिकची बादली आहे, तिच्यात चार बोटं पाणी होतं. वाकून पाहिलं तेव्हा आधी काही दिसलं नाही. माझी सावली पाण्यावर पडली आणि बारीक दोऱ्याच्या तुकड्यांसारख्या अळ्या वळवळत तळाशी गेल्या, थोड्या वेळाने श्वास घ्यायला पुन्हा वर येऊन उलट्या लटकल्या. बादली ओतून टाकली, पण तेवढ्याने काम संपत नाही. एडिसची मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटवून. ही अंडी कोरड्यात महिनोन्महिने टिकतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. म्हणून भांडं आतून घासणीने घासलंच पाहिजे. हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे. कुंड्यांखालच्या ताटल्या नुसत्या उपड्या करून लोक समाधानी होतात.

'आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळा' असं आरोग्य विभाग सांगतो, ते या आठ-दहा दिवसांच्या हिशेबानेच. आठवड्यातून एकदा सगळं पाणी ओतलं, भांडी घासली आणि वाळवली तर अळीचा डास होईपर्यंत वेळच मिळत नाही. आपल्या आवारात बघायच्या जागा मोजक्याच आहेत : गच्चीवरच्या टाक्यांची झाकणं आणि ओव्हरफ्लोच्या पाइपांची तोंडं (त्यांना बारीक जाळी हवी), लिफ्टचे खड्डे, एसीचं पाणी ठिबकतं ती डक्टमधली जागा, बंद पडलेलं कारंजं, सायकल स्टँडमागचे टायर. घरांमध्ये कुंड्यांच्या ताटल्या, मनी प्लांटच्या बाटल्या, फ्रिजच्या मागचा ट्रे, पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाणी. पक्ष्यांचं पाणी बंद करा असं माझं म्हणणं नाही. ते रोज बदलावं आणि भांडं घासावं, एवढंच. कारंजं चालू होणार नसेल तर त्यात गप्पी मासे सोडता येतील, ते अळ्या खातात. मात्र हौदात सोडलेले मासे पुढे कुणी ओढ्यात किंवा नदीत नेऊन सोडू नयेत. तिथल्या स्थानिक माशांना त्यांचा त्रास होतो.

रविवारी सकाळी प्रत्येक विंगमधून दोन माणसं तासभर फिरली तरी हे होण्यासारखं आहे. बी विंगची जबाबदारी मी घेते. मुलांनाही बरोबर घ्यावं, अळी शोधण्यात त्यांची नजर आपल्यापेक्षा तयार असते. फक्त गच्चीची आणि लिफ्ट रूमची किल्ली त्या दिवशी सुरक्षारक्षकाकडे मिळायला हवी. सध्या ती कुणाकडे आहे हे विचारण्यातच सकाळ जाते.

याला जोडून एक गोष्ट. सोसायटीच्या ग्रुपवर दर पावसाळ्यात डेंग्यूवर पपईच्या पानांचा रस, अमुक काढा, तमुक वनस्पती असे निरोप फिरतात. मीही घरी गवती चहा आणि आलं उकळून पिणारी आहे, साध्या सर्दी-पडशाला ते चांगलंच. पण नैसर्गिक उपाय करायचा म्हणून डॉक्टरांकडे जायला उशीर करणं धोक्याचं आहे. डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवस जास्त सांभाळायचे असतात. पोटात खूप दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, कमालीची गळून गेल्यासारखी अवस्था, यातलं काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल गाठावं. अंगदुखीसाठी ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नये, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. एवढा मजकूर समितीने एका कागदावर छापून तिन्ही लिफ्टमध्ये लावावा.

आता पालापाचोळा. आपल्या आवारातले पर्जन्यवृक्ष, करंज आणि बदाम मिळून जानेवारी ते एप्रिल पानांचा नुसता ढीग घालतात. त्यातली काही पानं पोत्यांत भरून जातात आणि उरलेली मागच्या भिंतीपाशी पहाटे पेटवली जातात. पेटवणाऱ्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला 'सकाळी सातच्या आत स्वच्छ दिसलं पाहिजे' एवढंच सांगितलेलं असतं, पानांचं काय करायचं ते कुणीच सांगितलेलं नाही. पण तो धूर थेट ए विंगच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये जातो. थंडीत पहाटे हवा जड असते, त्यामुळे धूर वर न जाता खालीच रेंगाळतो. पानांच्या धुरातले सूक्ष्म कण फुप्फुसांत खोलवर जातात. आपल्याकडे दम्याची मुलं आहेत, सत्तरीपुढचे सभासद आहेत. शिवाय उघड्यावर कचरा जाळायला कायद्याने बंदी आहे. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये यासाठी 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपये दंड ठरवून दिला आहे.

दुसऱ्या बाजूला, ओला कचरा जिरवायचं आपलं मशीन धूळ खात पडून आहे. वास येतो म्हणून तक्रारी आल्या, भुसा संपला, विजेचं बिल वाढलं आणि ते बंद पडलं. वास येण्याचं कारण अगदी साधं आहे. ओल्या कचऱ्यात पाणी आणि नत्र जास्त असतं, त्याला कोरड्या, कर्बयुक्त मालाची आणि हवेची जोड लागते. ती मिळाली नाही की तो कुजतो आणि घाण सुटते. हा कोरडा माल आपण बाहेरून भुसा म्हणून विकत आणत होतो आणि मागच्या भिंतीपाशी फुकटचा जाळत होतो!

त्यासाठी मशीनही लागणार नाही. विटांमध्ये फटी ठेवून बांधलेली, कमरेएवढ्या उंचीची तीन-चार हवेशीर टाकी मागच्या पट्ट्यात सहज बसतील. तळाला जाड काटक्या, त्यावर वीतभर पानं, मग ओला कचरा, वर पुन्हा पानं. ओल्यापेक्षा कोरडा थर नेहमी जाडच ठेवायचा. सुरुवातीला कुणाकडून तरी घमेलंभर तयार खत आणून घालायचं, ते विरजणासारखं काम करतं. मूठभर माल दाबल्यावर हाताला ओल लागावी, पण पाणी गळू नये. आठवड्यातून एकदा खालीवर केलं की दोन-तीन महिन्यांत काळं, मातीच्या वासाचं खत मिळतं. मध्येच जाड, करड्या अळ्या दिसल्या तर घाबरून फिनाइल ओतू नये. त्या 'ब्लॅक सोल्जर फ्लाय' नावाच्या माशीच्या अळ्या असतात, कचरा झपाट्याने खातात आणि रोग पसरवत नाहीत. त्यांचं प्रमाण फार वाढलं तर माल जास्त ओला झाला आहे असं समजून पानं वाढवायची.

हे काम करणाऱ्या ताईंना चांगले हातमोजे, गमबूट आणि वेगळे पैसे द्यावेत. झाडलोटीच्या पगारातच हे बसवायचं असेल तर ते टिकणार नाही आणि टिकूही नये.

2016 च्या घनकचरा नियमांनुसार 5,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलाने ओला कचरा शक्य तितका आपल्या आवारातच जिरवायचा होता. आपण त्यात येत होतो. खतप्रकल्प खरोखर चालू असेल तर महापालिका मालमत्ता करात सवलतही देते. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते फुरसुंगी आणि उरुळी देवाचीचं. त्या गावांनी पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं सोसला, त्यांच्या विहिरी खराब झाल्या, आंदोलनं झाली. आपल्या भाजीच्या देठांसाठी दुसऱ्या गावाची माणसं का त्रासावीत, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

कचरा वेचणाऱ्या ताईंसाठी आणखी एक विनंती. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात वेगळे गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून द्यावेत, म्हणजे त्यांना ते हाताने उघडून बघावं लागत नाही. घरातलं लाल पेन पुरतं.

जिन्यांच्या सफाईबद्दल थोडक्यात : फरशीवरचे डाग काढायला ॲसिड आणि त्यावरच ब्लीचिंग पावडर वापरताना मी पाहिलं आहे. हे दोन एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो. सफाईवाल्या मावशींना जिन्यात ठसका लागतो तो यानेच. ॲसिडची खरेदी ताबडतोब थांबवावी. रोजच्या पुसण्याला साबणाचं पाणी पुरेसं आहे, रिठ्याचं पाणीही चालतं.

गच्चीवर कबुतरांना दाणे टाकणंही थांबायला हवं. त्यामागची भावना मला समजते. पण वाळलेल्या विष्ठेची धूळ सतत श्वासात गेल्याने काहींना फुप्फुसांचा हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस हा आजार होतो आणि बराच काळ दुर्लक्ष झालं तर फुप्फुसं कायमची निबर होतात. शिवाय ती विष्ठा टाक्यांच्या झाकणांवर साठते, हे कुणीही वर जाऊन बघावं.

तेव्हा सभेत पुढील ठराव घ्यावेत अशी विनंती आहे. धूरफवारणीच्या कंत्राटाला मुदतवाढ देऊ नये. त्या रकमेतून टाक्यांना जाळ्या बसवाव्यात, खताची टाकी बांधावीत आणि वर्षभराचं मानधन द्यावं. जूनच्या पहिल्या रविवारपासून कोरडा दिवस सुरू व्हावा. पानं जाळायची नाहीत, अशी लेखी सूचना सफाईच्या कंत्राटदाराला जावी. खर्चाचा अंदाज मागवायचं काम समितीने माझ्याकडे दिलं तर सभेआधी तीन ठिकाणची दरपत्रकं आणून देईन.

गच्चीच्या किल्लीचं मात्र सभेपर्यंत थांबू नये. ती या रविवारीच सुरक्षारक्षकाकडे ठेवायला सांगावी.

कळावे,
आपली नम्र,
बी विंगमधील एक सभासद