तुमका खाली होडी दिसता तरी काय?

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही ‘तुमची जहाजां’ असं काही म्हणालात की रेंज गेली तेच बरं झालं, नाहीतर मी उलट बोलले असते. जाळं गेल्याचं आईनं नंतर सांगितलं. रात्री कुठल्याशा जहाजानं ओढून नेलं, थांबलंसुद्धा नाही. अंधारात नाव कोण वाचणार? भरपाई मागायची कोणाकडे? तुमचा राग मला कळतो.

‘तुमका खाली होडी दिसता तरी काय गो?’ हे विचारलंत, त्याचं खरं उत्तर देते. कधी कधी नाही दिसत. आमचं जहाज २४० मीटर लांब, ब्रिज, म्हणजे जिथून ते चालवतो ती खोली, पार मागे. नाळीपुढचं, म्हणजे पुढच्या टोकापलीकडचं पाणी दोन जहाजांच्या लांबीइतकं, ४८० मीटरपर्यंत झाकलेलं असलं तरी ते नियमात बसतं. लाकडी होडी रडारवर तांदळाच्या कणीएवढी, आणि समुद्र उसळला की ती कणीही हरवते. मागच्या खेपेला बॉम्बे हायचं क्रूड भरून मंगळूरला चाललो होतो. माझी आठ ते बाराची वॉच. देवगडच्या बाहेर काळोखात एकदम बॅटरी हलली. पाच छोटे भोंगे दिले, सुकाणू फिरवलं. इंजिन बंद केलं तरी भरलेला टँकर काही मैल तसाच पुढे जातो, त्यामुळे वळणं एवढंच हातात. होडी बाजूनं गेली तेव्हा दुर्बिणीत डोक्याला टॉवेल गुंडाळलेला एक म्हातारा तांडेल दिसला, आमच्याकडे बघून शिव्या घालत होता. बाबा, पाय लटपटले माझे.

पण सगळेच न थांबता जात नाहीत हो. आमच्याच शिपिंग कॉर्पोरेशनच्या कॅप्टन राधिका मेनन २०१५ च्या जूनमध्ये ‘संपूर्ण स्वराज्य’ टँकरवर होत्या. ओडिशाच्या समोर ‘दुर्गाम्मा’ नावाची मच्छीमार बोट इंजिन बंद पडून, नांगर तुटून वाहत चालली होती. खाणं-पाणी धुऊन गेलेलं, मासळीसाठी नेलेला बर्फ चघळून सात जण जिवंत होते. त्या उधाणात त्यांनी सातही जणांना शिडीवरून वर घेतलं. बर्फ चघळून म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको.

कंपनी विकणार का, असं आईनं विचारलं होतं. सरकारनं २०१९ मध्ये आपला ६३.७५ टक्के हिस्सा विकायचं ठरवलं. पुढे नरिमन पॉइंटची इमारत नि पवईची ट्रेनिंग इन्स्टिट्यूट वेगळ्या कंपनीत गेली. जहाजं मात्र आहेत तिथेच आहेत, आणि मीही. आई, काळजी करू नकोस. १९६१ मध्ये १९ जहाजांवर सुरू झालेली कंपनी आहे ती.

आणि बाबा, ‘तुमची जहाजां’ म्हणताना एक विसरलात. लहानपणी विजयदुर्गाला पडावातून जाऊन ज्या ‘कोंकण सेवक’वर चढायचात ती मोगल लाइनची, आणि मोगल लाइन १९८६ मध्ये आमच्यातच विलीन झाली. म्हणजे जहाजं तुमचीही. आईला तिच्यावर बोट लागायची, अजून फोंडाघाटात एसटीत बसली तरी ती ‘बोट लागली’ म्हणते!

आता माझं ऐका. काठीवर पत्र्याचा रिफ्लेक्टर बांधा, वरच बांधा, टपावर ठेवून उपयोग नाही. जाळ्याच्या टोकाच्या बोयाला लुकलुकता दिवा लावा. बॅटरी वाचवायला दिवे विझवून झोपू नका. मागे घेतलेला व्हीएचएफ वायरलेस पेटीतून बाहेर काढा आणि १६ नंबरवर ठेवा. जहाज जवळ येताना दिसलं तर बोला, मराठीत बोललात तरी चालेल. निदान आठ ते बारा.

गणपतीला रजा मिळेल असं वाटतं. आई, सोलं जास्त वाळव, इथला कुक आमटीत टोमॅटोच घालतो.

तुमची,
बायो