फाइलवर गाठीचं नेमकं नाव लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत लहान मुलांच्या कर्करोगावर आलेला लेख वाचला. रक्ताच्या कर्करोगाची माहिती चांगली होती, पण यकृताच्या गाठींबद्दल एक ओळही नव्हती. गेलं दीड वर्ष आमच्या घरात दुसरा विषय नाही, म्हणून हे पत्र.

माझी नात तीन आठवड्यांची असताना तिच्या पाठीवर तांबडा ठिपका उठला. मग मांडीवर, मग कानामागे. नातेवाइकांत पहिला प्रश्न निघाला, ‘सूनबाईनं ग्रहण पाळलं होतं ना?’ तो मी विचारला नाही. पण विचारणाऱ्यांना गप्पही केलं नाही, याची मला आजही लाज वाटते. बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशी मात्र रोज डाग मोजत होत्या. दीड महिन्यात सात झाले, तेव्हा त्याच म्हणाल्या, ‘आजी, एवढे डाग मी कुठल्याच बाळाच्या अंगावर पाहिले नाहीत. मोठ्या डॉक्टरांना दाखवा.’

असे पाच किंवा जास्त डाग असले तर बाळाच्या पोटाची सोनोग्राफी करतात, कारण तशाच गाठी यकृतातही असू शकतात. नातीच्या यकृतात त्या होत्या. पहिल्या रुग्णालयात एएफपी या प्रथिनाची रक्ततपासणी झाली (यकृताच्या काही कर्करोगांत ते वाढतं), आकडा खूप मोठा आला आणि फाइलवर लिहिलं गेलं, ‘यकृताचा कर्करोग?’ त्यातलं प्रश्नचिन्ह आम्हाला कुणालाच दिसलं नाही. चार दिवस घरात चूल नावापुरती पेटली. पुढे दुसरीकडे एका बालशल्यचिकित्सकांनी शांतपणे समजावलं की एएफपी प्रत्येक नवजात बाळाच्या रक्तात भरपूर असतं आणि महिन्यागणिक उतरत जातं. म्हणून तो आकडा बाळाच्या वयाशी ताडून पाहायचा असतो. नातीचा आकडा तिच्या वयाला धरूनच होता. गाठी कर्करोगाच्या नव्हत्या, रक्तवाहिन्यांच्या होत्या. त्यांचं नाव हिमँजिओमा.

उपचार म्हणजे प्रोप्रॅनोलॉल, रक्तदाब आणि हृदयासाठी वापरलं जाणारं जुनं, स्वस्त औषध. फ्रान्समधल्या बोर्दो शहरात डॉ. क्रिस्तीन लेओते-लाब्रेझ यांच्या गटाने एका बाळाला हृदयाच्या त्रासासाठी ते दिलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचा हिमँजिओमा मऊ पडून ओसरू लागला. २००८ मध्ये हे निरीक्षण जगापुढे आलं ते एका वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकांना लिहिलेल्या छोट्या पत्रातून. संपादक महाराज, म्हणूनही मला पत्रांवर भरवसा आहे.

पहिले डोस रुग्णालयात ठेवून, नाडी आणि रक्तातली साखर बघत दिले. उपाशीपोटी हे औषध द्यायचं नाही, साखर उतरते. त्यामुळे आधी दूध, मग औषध, हा क्रम घरात देवपूजेसारखा पाळला गेला. थायरॉइडही तपासली. यकृतातल्या मोठ्या गाठी थायरॉइडचं संप्रेरक निकामी करणारं एक विकर (एन्झाइम) तयार करतात आणि ते लक्षात आलं नाही तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. हे आम्हाला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. आज सोनोग्राफीत गाठी जवळजवळ दिसत नाहीत.

पण पत्र नातीपुरतं नाही. त्या वॉर्डात शेजारच्या खाटेवर इंदापूरकडचा दोन वर्षांचा मुलगा होता. पोट मोठं दिसतं म्हणून गावाकडे तीन महिने जंताचं औषध चाललं. निदान झालं हिपॅटोब्लास्टोमाचं, म्हणजे लहान मुलांच्या यकृतात सर्वांत जास्त आढळणाऱ्या कर्करोगाचं. समोरच्या खाटेवर नऊ वर्षांची मुलगी. तिच्या पोटरीतली सूज कुठेतरी ‘हिमँजिओमा’ म्हणून कापली होती. सूज परत आली, दुखणं वाढवून. ती होती शिरांची जन्मजात विकृती. तीन मुलं, तीन वेगळे आजार, आणि तिघांच्याही घरच्यांना कुणी ना कुणी सांगितलेलं: ‘रक्ताची गाठ आहे.’

हा फरक नवा नाही. १९८२ मध्ये बोस्टनचे डॉ. जॉन मलिकन आणि संशोधक ज्युली ग्लोवाकी यांनी तो स्पष्ट मांडला. हिमँजिओमात पेशी खरोखर वाढतात. पहिले काही महिने तो फुगतो आणि पुढे काही वर्षांत आपोआप विरतो. विकृती जन्मापासून असते, मुलाबरोबर वाढते आणि आपणहून जात नाही. तिच्यावर प्रोप्रॅनोलॉल चालत नाही. तिथे शिरेत औषध टोचून ती बुजवणं, काही मुलांना सिरोलिमससारखं औषध, काहींना विचारपूर्वक शस्त्रक्रिया, असे मार्ग आहेत. या विषयाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९६ पासून हीच वर्गवारी स्वीकारली आहे. तरी आपल्याकडच्या कितीतरी फाइलींवर सरसकट ‘हिमँजिओमा’. मी तीस वर्षं ग्रंथपाल होते. चुकीच्या क्रमांकाखाली नोंदलेलं पुस्तक कपाटात असूनही सापडत नाही. इथे तर मूल हरवतं.

इंदापूरच्या त्या मुलाची शस्त्रक्रिया झाली. आधी केमोथेरपीने गाठ आक्रसवायची, मग यकृताचा तेवढा भाग काढायचा; उरलेलं यकृत पुन्हा वाढतं. यकृताचे चार भाग मानून शेजारशेजारचे किती भाग गाठीपासून मोकळे आहेत ते पाहायचं, ही पद्धत युरोपातल्या सायोपेल या, मुलांच्या यकृताच्या कर्करोगावर काम करणाऱ्या गटाने रूढ केली. १९७० च्या दशकात या आजारातून तीनपैकी जेमतेम एखादं मूल वाचत असे. आज उपचार वेळेत आणि पूर्ण मिळाले तर पाचांपैकी चारेक वाचतात. पण इंदापूरच्या त्या मुलाची आई मला एकदा म्हणाली, ‘आजी, हाक मारली तर वळत नाही हो हा.’ केमोथेरपीतल्या सिस्प्लाटिन या औषधाने ऐकू येणं कमी होऊ शकतं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सायोपेलच्या एका चाचणीत, कमी धोक्याच्या हिपॅटोब्लास्टोमात, सिस्प्लाटिननंतर सहा तासांनी सोडियम थायोसल्फेट दिल्यावर श्रवणदोषाचं प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आलं, आणि मुलांच्या जगण्यावर वाईट परिणाम दिसला नाही. एवढं कळायला मुलं किती लागली? शंभराच्या थोडी वर. तेवढी गोळा करायला १२ देशांतल्या रुग्णालयांना सात वर्षं लागली.

माझं म्हणणं इथेच आहे. एवढ्या विरळ आजारात एकट्या रुग्णालयाला काही कळत नाही. पुण्यात कर्करोगाची नोंदवही आहे, त्यात हिपॅटोब्लास्टोमा येतो. पण नातीच्या गाठी कर्करोग नाहीत, त्या मुलीची पोटरीही नाही; त्यांची नोंद कुठेच नाही. सातारा, सोलापूर, अहिल्यानगर इथून मुलं पुण्यात येतात, ससूनमध्ये, धर्मादाय आणि खासगी रुग्णालयांत विखुरतात, आणि प्रत्येक ठिकाणी डॉक्टर पहिल्यापासून सुरुवात करतात. या सगळ्यांनी मिळून एक नोंदवही ठेवावी. महिन्यातून एकदा बालशल्यचिकित्सक, बालरोगतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट, त्वचारोगतज्ज्ञ आणि कर्करोगतज्ज्ञांनी एकत्र बसून अवघड मुलं पाहावीत. महापालिका आणि आरोग्य विभागाने त्यासाठी एक खोली आणि एक कारकून दिला तरी सुरुवात होईल.

आशाताई नवजात बाळाला पहिल्या ४२ दिवसांत ठरलेल्या दिवशी घरी जाऊन बघतातच. नेमके याच काळात लाल डाग उठतात. ‘पाच किंवा जास्त डाग, किंवा पोटाला कडक गोळा लागतो, तर सोनोग्राफी’ एवढी एक ओळ त्यांच्या तक्त्यात घालावी. न्हाऊ घालणाऱ्या मावशींनाही सांगावं. बाळाच्या पोटावरून रोज हात त्यांचाच फिरतो.

नातीची पूर्ण फाइल, सगळ्या सोनोग्राफींसह, नोंदवहीला द्यायला मुलगा आणि सून तयार आहेत. नोंदी करायला माणूस नसेल, तर आठवड्यातून तीन सकाळी मी येईन.

आपली,
एक आजी, निवृत्त ग्रंथपाल
सहकारनगर, पुणे ९