रविवारी सकाळी बडोद्याच्या कमाटीबागेत (सयाजीबागेत) फेरी

सभासदांनो, येत्या रविवारी सकाळी ठीक ७ वाजता काळा घोडा दरवाजाशी जमायचे आहे. सव्वासातला निघू, कोणासाठी थांबणार नाही, मागच्या वेळचे लक्षात आहेच.

आपण सगळे लहानपणापासून बागेत जातो, पण बहुधा फुलांच्या घड्याळापर्यंतच. सयाजीराव महाराजांनी १८७९ साली वसवलेल्या या बागेतून विश्वामित्री नदी वाहते, तिकडे फारसे कोणी वळत नाही. या वेळी आधी नदीकाठ, मग जुने वड. थंडीत ऊन चढले की मगरी अंग शेकायला काठावर येतात, म्हणून दुर्बीण असेल त्यांनी जरूर आणावी.

• पाण्याच्या कडेला उतरायचे नाही. फोटोसाठीही नाही. मगर झाडाच्या ओंडक्यासारखी निपचित पडलेली असते, ओळखू येत नाही.
• मगरींना काही खायला टाकू नये, खडे तर मुळीच मारू नयेत. कायद्याने संरक्षित प्राणी आहे.
• मुलांचा हात मोठ्यांनी धरावा.
• पाण्याची बाटली व टोपी आणावी.

नावे शुक्रवारी रात्रीपर्यंत ग्रुपवर टाका. फेरीनंतर शेवउसळ, ज्याची त्याने.