इटलीतलं सान जिमिन्यानो गाव दाखवणाऱ्या गाईड ताईंना मनापासून थँक्यू

प्रिय ताई,

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, तुम्हाला न विचारता असं सगळ्यांसमोर टाकणं बरं नाही वाटलं. पण तुमचा विषय निघाला की अजून आईचे डोळे भरतात, म्हणून शेवटी लिहायला बसले.

तुमच्या आधी आम्ही दुसऱ्या एका टूरवाल्यांबरोबर गेलो होतो. इटलीतल्या टस्कनी भागातली डोंगरावरची जुनी गावं म्हणजे चढ आणि ओबडधोबड दगडी गल्ल्या आल्याच, आणि आईचे गुडघे दुखतात हे मी बुकिंग करतानाच सांगून ठेवलं होतं. तरी तो माणूस छत्री वर धरून जो पुढे सुटला तो मागे वळून बघेचना, आई धापा टाकत पोचेपर्यंत त्याचं सगळं सांगून संपलेलं असायचं आणि वर म्हणाला काय तर जमत नव्हतं तर बसमध्येच बसायचं. एवढ्या लांबून आलेल्या सत्तरीच्या बाईला असं बोलवतं तरी कसं? त्या रात्री आई म्हणाली, तू एकटी जात जा बाई, मी हॉटेलवर जप करत बसते. मला रडूच आलं.

आणि मग तुम्ही भेटलात. मोन्तेरिज्जोनी या तटबंदीच्या गावाच्या वेशीपासूनच तुम्ही आईच्या चालीने चालायला लागलात. फ्लॉरेन्स शहरवाल्यांना अडवायला सिएना शहराने बांधलेला तो तट, त्यावरचे 14 बुरूज, सगळं आईकडे बघून सांगत होतात आणि मी मराठीत सांगेपर्यंत थांबत होतात. सान जिमिन्यानोत एकेकाळी 72 मनोरे होते म्हणे, श्रीमंत घराणी एकमेकांवर कुरघोडी करायला उंच उंच बांधत सुटलेली, मग 1348 चा प्लेग आला, गाव पार खचलं, थोड्याच वर्षांत फ्लॉरेन्सच्या हाताखाली गेलं, नवीन बांधायला पैसाच नाही म्हणून जुनं तसंच राहिलं. आईला हे सगळं आता पाठ आहे.

पण माझ्या मनात राहिली ती चौकातली विहीर. 1273 ची ना ती? बाकीचे फोटो काढत होते आणि तुम्ही आईचा हात धरून काठावरच्या खाचांवर ठेवलात, दोर घासून घासून दगडात पडलेल्या. आई एकदम म्हणाली, अगं आमच्या आडाला पण अशाच होत्या! मग पोहरा कसा सोडायचा, भरला की दोर कसा ओढायचा हे ती दोन्ही हातांनी करून दाखवायला लागली, आणि तुम्ही घड्याळाकडे न बघता विचारत राहिलात, पाणी किती खोल होतं, लहान मुलीच ओढायच्या का, हात सोलायचे का. एवढ्या वर्षांत हे मीसुद्धा तिला कधी विचारलं नव्हतं.

रोज तेच गाव दाखवून कंटाळा येत असेल हे मला कळतं. पण म्हाताऱ्या माणसासाठी आपली चाल जरा कमी करायला ना पैसा लागतो ना भाषा, आणि बँकेत, दवाखान्यात, स्टेशनवर, कुठेही बघा, नेमकी तेवढीच सवड कोणी देत नाही. तुम्ही दिलीत, आणि उपकार केल्यासारखं एकदाही दाखवलं नाहीत.

मावशी पुढच्या वर्षी तिकडे यायचं म्हणतेय, तिचे गुडघे आईपेक्षा जास्त दुखतात. तिला तुमचाच नंबर दिलाय. आईने आशीर्वाद सांगितलाय.

तुमची,
विहिरीजवळच्या आजींची मुलगी