कोंबड्यांची घरघर विषाणूची नव्हे

संपादक महोदय,

आपल्या शेतीच्या पानावर गेल्या आठवड्यात कोंबड्यांच्या जुनाट श्वसनरोगावर, म्हणजे दुकानदार ज्याला ‘सीआरडी’ म्हणतात त्यावर, मजकूर आला होता. त्यात हा आजार ‘विषाणूजन्य’ ठरवून शेवटी मानमोडीची, म्हणजे राणीखेत या विषाणूच्या रोगाची, लस टोचून घ्यायला सांगितलं आहे. मानमोडीची लस टोचावीच, पण ती या आजाराला लागू पडत नाही. हा आजार मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम नावाच्या जीवाणूचा आहे.

माझ्याकडे 140 गावठी कोंबड्या आहेत. दोन वर्षांपूर्वी आषाढात आठ दिवस पाऊस उघडला नाही. तुसाची गादी भिजली, अमोनियाने डोळे चुरचुरायला लागले. त्या वासाने कोंबडीच्या श्वासनळीतली बारीक लव मरते आणि रोगाला वाट मोकळी होते. रात्री खुराड्याजवळ उभी राहिले की भजनातल्या पेटीचा भाता फाटावा तशी घरघर ऐकू यायची. घरात अमोक्सिसिलीनच्या कॅप्सूल उरल्या होत्या, त्या पाण्यात मिसळून पाच दिवस पाजल्या. काहीही उतार पडला नाही. रोजची साठ अंडी पस्तिसावर आली आणि अकरा तलंगा गेल्या.

मी रत्नागिरीला सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आहे. तरी ही गोष्ट पशुवैद्यक डॉक्टरांनी सांगेपर्यंत लक्षात आली नाही, याची खंत अजून आहे. पेनिसिलीन, अमोक्सिसिलीन ही औषधं जीवाणूला पेशीभित्तिका बांधू देत नाहीत. मायकोप्लाझ्माला भित्तिका मुळातच नसते, नुसतं पातळ पटल असतं. मग औषध अडवणार काय? डॉक्टरांनी दिलेलं टायलोसिन जीवाणूचं प्रथिन तयार होणंच थांबवतं. आठवड्यात घरघर बसली. त्यांनी सांगितलेले दिवस पुरे होईपर्यंत आम्ही एकही अंडं विकलं नाही.

त्या पावसात माळ्यावरची पुस्तकं खाली काढली आणि या जिवाने मला वेडच लावलं. हा सुरईसारखा, एका बाजूला निमुळता. शेपटी नाही, पोहायला केस नाहीत, तरी पृष्ठभागाला चिकटून निमुळतं टोक पुढे करून सरकतो. या कुळातला सर्वांत वेगवान मायकोप्लाझ्मा मोबिले गोड्या पाण्यातल्या टेंच माशाच्या कल्ल्यांवर सापडला. लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी, पण सेकंदाला स्वतःच्या लांबीच्या तिप्पट-चौपट अंतर कापतो. तासाभरात साधारण एक सेंटिमीटर. त्याच्या मानेवर प्रथिनांचे शेकडो सूक्ष्म पाय असतात. यजमानाच्या पेशींवर सियालिक आम्लाची साखर असते, ती पकडायची, ओढायची, सोडायची. जपानमध्ये ओसाकाचे माकोतो मियाता आणि त्यांचे सहकारी यांनी 2005 साली दाखवलं, की डिटर्जंटने पटलाला भोकं पाडली की हा थांबतो, आणि बाहेरून एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, दिलं की त्याचा तो रिकामा सांगाडा पुन्हा चालू लागतो. कोंबडीच्या नळीतल्या आपल्या जीवाणूची चाल फार मंद आहे, प्रथिनंही वेगळी आहेत. पण श्वासनळीला धरून राहणं आणि सरकणं ही त्याचीही रीत. खोकून, शिंकून तो सहजी निघत नाही, तो यामुळेच.

औषधाने लक्षणं जातात, जीवाणू पुरता जात नाही. बरी दिसणारी कोंबडी तो अंड्यातून पिल्लाला देते. आमच्याकडे शेजारणीची अंडी आणून खुडूक कोंबडीखाली ठेवायची पद्धत आहे. दुखणं एका वाडीतून दुसऱ्या वाडीत असंच गेलं, असं आता मागे वळून पाहताना वाटतं. म्हणून मानमोडीच्या लसीकरणाला डॉक्टर येतात तेव्हाच थोड्या कोंबड्यांचं रक्त घेऊन मायकोप्लाझ्माची तपासणी करावी, आणि बचत गटांना पिल्लं वाटताना ती तपासलेल्या कळपातली आहेत का, हे लेखी द्यावं. रक्तजलाचा एक थेंब प्रतिजनाच्या, म्हणजे मारलेल्या जीवाणूंच्या द्रावाच्या, थेंबात मिसळून पाहायची ही चाचणी काही मिनिटांची असते.

आगोटीची कामं सुरू झाली आहेत. कृपया पाऊस लागण्यापूर्वीच दुरुस्ती छापावी, शक्य तर त्याच पानावर आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरात. आमच्या गटातल्या बायका शेतीचं पान कापून खुराड्याच्या दाराला चिकटवतात. ‘विषाणूजन्य’ लिहिलेलं कात्रण मी या आठवड्यात तीन दारांवर पाहिलं आहे.

आपली एक वाचक,
तालुका कुडाळ, जिल्हा सिंधुदुर्ग